करडई, वनस्पती तूप आणि अब्बांचा रिपोर्ट

(बारामतीत तरुणांच्या बैठकीत केलेल्या मांडणीचा हा संपादित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कशावर बोलणार, असं मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, तेलावर. फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. त्यांना वाटलं मी आखाती देशांचं राजकारण काढणार. मी गोड्या तेलाबद्दल बोलणार आहे, जे आपल्या स्वयंपाकघरात कढईत पडतं त्याबद्दल. आणि आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे, हिंजवडीत नोकरी करतो, घर इंदापूर तालुक्यात. जे सांगणार आहे ते तीन वर्षं वाचून आणि डॉक्टरांचं डोकं खाऊन कळलेलं आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यावरून कुणी कुणाच्या गोळ्या बंद करू नका.

तीन वर्षांपूर्वी अब्बांना हार्ट अटॅक आला. वय ५६, वजन ५८ किलो. तंबाखू नाही, सिगारेट नाही, पोट सुटलेलं नाही. आयुष्यभर सायकल चालवलेला माणूस. एक स्टेंट टाकला, पाचव्या दिवशी घरी आले. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एकच ओळ होती, कमी चरबीचा आहार. त्या एका ओळीवरून आमच्या घरात जे युद्ध पेटलं ते अजून पूर्ण विझलेलं नाही.

फुफी म्हणाल्या, तेल एकदम बंद. मामूंनी मोबाईलवर आलेला व्हिडिओ दाखवला, रिफाइंड म्हणजे जहर आहे, साजूक तूप खा, आपले पूर्वज तूपच खात होते. (आमचे पूर्वज तूप विकत होते, खात नव्हते, पण ते असो.) जिमला जाणारा चुलतभाऊ म्हणाला, चरबीनं काही होत नाही, भात बंद करा. एकानं ओमेगा-३ च्या गोळ्यांची बाटली आणून दिली. अम्मी या सगळ्यांच्या मध्ये पळी घेऊन उभी, की आज कालवण करू तरी कशात. आणि अब्बा खाटेवर पडल्या पडल्या एकच विचारायचे, "मैं तो इत्ता दुबला, मेरेकू कैसा हुआ ये?"

मला वाटतं त्या सगळ्या गोंधळात खरा प्रश्न तेवढा एकच होता. बाकी सगळे उत्तरं देत होते.

रिपोर्टमध्ये एलडीएल १४८, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड २६०. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. बारीक माणसाच्या यकृतावर चरबी! या कोड्यावर काम झालं ते आपल्याच पुणे जिल्ह्यात. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं हडकुळी दिसत होती. पण मोजमाप केल्यावर कळलं की कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. पुढे २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. शर्ट घातलेल्या माणसाकडे बघून त्याच्या आतलं काही कळत नाही, हे सांगायला यापेक्षा चांगला फोटो मी पाहिलेला नाही.

म्हणजे "मी बारीक आहे, मला काय होतंय" हे वाक्य आपल्यापुरतं तरी बाद. मग पुढचा प्रश्न येतो, की ही चरबी आत जाऊन करते काय, आणि सगळी चरबी तेच करते का.

थोडं रसायनशास्त्र सांगतो, घाबरू नका. कुठलंही तेल, तूप, चरबी घ्या. तिच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलला तीन शेपट्या लावलेल्या असतात. त्या शेपट्या म्हणजे मेदाम्लं, फॅटी ॲसिड. तसबीहच्या मण्यांसारखी कार्बनची माळ. पाम तेलातलं पामिटिक आम्ल १६ मण्यांचं. शेंगदाणा तेलातलं ओलेइक १८ मण्यांचं. करडईतलं लिनोलेइक तेही १८ मण्यांचं. मग फरक कशात? फरक दोन मण्यांमधल्या जोडणीत आहे. पामिटिकमध्ये सगळे बंध एकेरी, माळ सरळ. याला संपृक्त म्हणतात, म्हणजे सॅच्युरेटेड. ओलेइकमध्ये एक दुहेरी बंध असतो आणि तिथं माळ वाकते. लिनोलेइकमध्ये दोन, त्यामुळे दोनदा वाकते. जवसात जे अल्फा-लिनोलेनिक असतं त्यात तीन.

आपण उसाच्या मुलखातले आहोत, त्यामुळे हे आपल्याला लवकर कळतं. सरळ उसाची मोळी घट्ट बसते. पडलेला, वाकडा झालेला ऊस बांधला की मोळीत पोकळ्या राहतात. मेदाम्लांचं तसंच. सरळ पामिटिक ६३ अंशांपर्यंत घट्ट राहतं. एकदा वाकलेलं ओलेइक १३ अंशांनाच वितळतं. दोनदा वाकलेलं लिनोलेइक शून्याच्या खाली उणे ५ अंशांपर्यंत पातळ. थंडीत तूप का गोठतं आणि करडईचं तेल का गोठत नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

पोटात गेल्यावर ऊर्जेच्या हिशेबात ही सगळी सारखी. ग्रॅमला ९ कॅलरी, तूप असो की करडई. पेशीत ती जळतातही एकाच रीतीनं, दोन दोन मणी तोडत. पण यकृताला ती सारखी वाटत नाहीत. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढणारे ग्राहक असतात. पामिटिक आम्ल जास्त आलं की हे ग्राहक कमी होतात, एलडीएल रक्तात फिरत राहतं आणि वर्षानुवर्षं धमनीच्या भिंतीत घुसत राहतं. लिनोलेइक आलं की उलट होतं. ओलेइक या दोघांच्या मधलं, बरंचसं लिनोलेइकच्या बाजूनं. आणि गंमत म्हणजे स्टिअरिक नावाचं एक संपृक्त आम्ल आहे, बकऱ्याच्या चरबीत ते बऱ्यापैकी असतं, ते एलडीएल फारसं वाढवत नाही. शरीर त्यातलं काही ओलेइकमध्ये बदलून टाकतं. हे ऐकून लगेच खूश होऊ नका, त्याच चरबीत पामिटिकही तितकंच असतं.

स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठानं २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मला फार आवडतो. सडपातळ तरुण मंडळी, ३९ जण. सात आठवडे त्यांना रोज जेवणावर वरून मफिन खायला घातले. निम्म्यांचे मफिन पाम तेलातले, निम्म्यांचे सूर्यफूल तेलातले. बाकी सगळं सारखं. दोन्ही गटांचं वजन सारखंच वाढलं, सरासरी १.६ किलो. पण पाम तेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आत चरबी जास्त साठली, सूर्यफूलवाल्यांच्या अंगात स्नायू जास्त वाढले. काट्यावर आकडा एकच, आतली परिस्थिती वेगळी. अब्बांना मी हा प्रयोग सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मफिन क्या रहता?" मी म्हटलं, कपकेक. "वो तो अपने बेकरी में मिलता." हो, मिळतो. आणि तो कशात भाजलेला असतो ते कुणी विचारत नाही.

तर आमच्या घरातल्या फुफी, मामू, चुलतभाऊ सगळे एकच चूक करत होते. ते "हे बंद करा" म्हणत होते. पण माणूस काहीतरी बंद करतो तेव्हा त्याची जागा रिकामी राहत नाही. तिथं दुसरं काहीतरी येऊन बसतं. माझ्या धंद्यात आम्ही प्रोग्रॅममधला एक तुकडा काढतो तेव्हा आधी विचारतो, याच्या जागी काय येणार आणि त्यावर आणखी काय काय अवलंबून आहे. तेलाच्या बाबतीत हा प्रश्न विचारला नाही की काय होतं, याची दोन उदाहरणं सांगतो. एक आपल्या दावतीतलं, दुसरं करडईचं.

दावतीतलं म्हणजे वनस्पती तूप, ज्याला आपण सरसकट डालडाच म्हणतो, कुठल्याही कंपनीचं असलं तरी. तूप महाग, तेल पातळ. म्हणून तेलात निकेलच्या साहाय्यानं हायड्रोजन घालून ते घट्ट करायची युक्ती निघाली. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मननं १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडे डालडा १९३७ मध्ये आलं. गरिबाच्या घरी तुपाचा वास आला, आणि सणासुदीला, लग्नाला शेकडो माणसं जेवू लागली ती त्यावर. मी त्याची टिंगल करणार नाही. माझ्या दादीच्या घरात पिवळ्या डब्यात तुळशीसारखी पुदिन्याची रोपं वाढत होती.

पण हायड्रोजन घालताना सगळे दुहेरी बंध काही भरून निघत नाहीत. काही नुसते फिरतात. दुहेरी बंध असतो, पण माळ वाकत नाही, सरळच राहते. हे ट्रान्स मेदाम्ल. ओलेइक १३ अंशांना वितळतं म्हटलं ना? त्याचंच ट्रान्स भावंड, अणू तेच, संख्या तीच, नुसती घडण वेगळी, ते ४५ अंशांपर्यंत घट्ट राहतं. नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटन यांनी १९९० मध्ये दाखवलं की हे एलडीएल वाढवतं आणि वर एचडीएल कमीही करतं. संपृक्त चरबीसुद्धा ही दुसरी गोष्ट करत नाही. २००६ मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज प्रसिद्ध झाली, की रोजच्या ऊर्जेतले अवघे २ टक्के ट्रान्समधून आले तर हृदयविकाराचं प्रमाण २३ टक्क्यांनी वाढतं. डेन्मार्कनं २००३ मध्येच त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली होती. आपल्याकडे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं २००९ मध्ये बाजारातली वनस्पती तुपं तपासली, ती डेन्मार्कच्या मर्यादेच्या पाच ते बारा पट निघाली. मग नियम येत गेले. २०२१ पासून ३ टक्के, आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के.

चला, सुटलो? नाही. वनस्पती तूप घट्ट तर हवंच, नाहीतर गिऱ्हाईक घेणार नाही. ट्रान्स नको तर घट्टपणा आणायचा कुठून? पाम तेलाच्या घट्ट भागातून. म्हणजे ट्रान्स गेलं आणि त्याच्या जागी पामिटिक येऊन बसलं. आधीपेक्षा हे नक्कीच बरं आहे, ते मान्य करतो. पण डब्यावर "ट्रान्स फॅट फ्री" वाचून जे दोन डाव जास्त टाकतात त्यांनी मागची बाजूही वाचावी.

धाकट्या भावाच्या वलीम्याला हे सगळं अंगावर आलं. आठशे माणसं, शंभर किलो तांदूळ. बावर्ची चाचांनी यादी दिली, तीत वनस्पती तुपाचे पंधरा किलोंचे दोन डबे. मी मोबाईलवर भागाकार केला. माणशी ३७ ग्रॅम, मटणाची चरबी वेगळी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. आपण एका प्लेटीत दीड दिवस संपवत होतो. चाचांना म्हटलं, शेंगदाणा तेलात होणार नाही का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बिर्याणीत शेपू घालायला सांगितलाय. म्हणाले, दाणा सुटा राहणार नाही, रात्री उरलेलं सकाळी चालणार नाही, आणि लोक म्हणतील पोरीकडच्यांना सुकी बिर्याणी घातली. हा शेवटचा मुद्दा खरा होता. दावतीतलं तूप हा पाहुण्यांचा मान असतो. तो मोडून काढायला कोलेस्टेरॉलचा आकडा पुरत नाही.

तीन बैठका झाल्या. अब्बा पहिल्या दोनमध्ये चाचांच्या बाजूनं होते! शेवटी ठरलं ते असं. कांदा तळायला शेंगदाणा तेल, तळलेला कांदा चाळणीत निथळून घ्यायचा, ते तेल परत बिर्याणीतच वापरायचं, आणि दम देताना वरून थोडं साजूक तूप, वासापुरतं. सगळं मिळून १८ किलो. माणशी साडेबावीस ग्रॅम. आठशे माणसांत कुणाला कळलं नाही, फक्त फुफींना कळलं. त्या म्हणाल्या, हाताला चिकट लागत नाही.

आता करडई. आपल्या कऱ्हाटीत कालवा पोचला नाही त्या जिरायत भागात शाळवाच्या कडेनं करडईच्या ओळी असायच्या. काटे असल्यामुळे गुरं आत शिरत नाहीत, आणि तेलाची सोयही होते. कोवळी असताना पानांची भाजी. काढणी पहाटे, दहिवरानं काटे जरा मऊ असताना, हाताला फडकी गुंडाळून. दादी सांगायची की बी घाण्यावर नेऊन तेल आणायचं ते वर्षाच्या बेगमीचं. नंतर पाणी आलं, ऊस आला. १९९० च्या दशकाच्या मध्यात पामोलिनची आयात खुली झाली आणि दुकानात स्वस्त तेल मिळायला लागलं. काटे टोचून घ्यायला मजूर मिळेनात. देशात कित्येक लाख हेक्टरांवर असलेलं हे पीक आता लाखाच्या आसपास आलं आहे, आणि खायच्या तेलातलं निम्म्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो, त्यात सर्वांत मोठा वाटा पामचा. नीरा ओलांडून पलीकडे फलटणला बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये काढलेली कृषी संशोधन संस्था आहे. तिथं करडईवर मोठं काम झालं, बिनकाट्याची करडईसुद्धा त्यांनी तयार केली. काटे गेले, पण तोवर शेतकरीही गेला होता.

आता करडईत लिनोलेइक भरपूर, साधारण ७५ टक्के. सूर्यफुलापेक्षा जास्त, शेंगदाण्याच्या दुपटीहून जास्त. लिनोलेइक शरीराला स्वतः बनवता येत नाही. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोनं १९२९ मध्ये उंदरांना चरबी पूर्ण बंद केली, तर उंदरांच्या शेपट्या खवल्यांसारख्या झाल्या, वाढ खुंटली. चरबी ही नुसती जळण नाही, तिच्यातली काही आम्लं जीवनसत्त्वाइतकी गरजेची आहेत, हे तिथून कळलं. (फुफींच्या "तेल एकदम बंद"ला हे उत्तर.)

तर मी ठरवलं, अब्बांसाठी करडईच. आपल्या मातीतलं, एलडीएल उतरवणारं, आणखी काय हवं. मग वाचता वाचता सिडनीची गोष्ट सापडली. १९६६ ते १९७३ या काळात तिथं ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला. सगळे नुकतेच हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेले, म्हणजे थेट अब्बांसारखे. निम्म्यांना लोण्या-चरबीच्या जागी काय दिलं? करडईचं तेल आणि करडईचं मार्गारिन! कोलेस्टेरॉल उतरलं. पण माणसं? अमेरिकेतल्या क्रिस्टोफर रॅम्सडेन यांनी जुनी आकडेवारी मिळवून २०१३ मध्ये नव्यानं मांडली. करडईवाल्या गटात १७.६ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ११.८ टक्के.

ती रात्र मला आठवते. मी लॅपटॉप मिटला आणि अम्मीच्या कपाटातल्या करडईच्या बरणीकडे बघत बसलो. माझ्याच हातानं आणलेली.

पुढचे दोन महिने मी हीच एक गाठ सोडवत होतो. एका प्रयोगावरून निकाल द्यायचा नसतो, पण आवडला नाही म्हणून तो बाजूलाही ठेवायचा नसतो. सिडनीच्या लोकांनी ऊर्जेच्या सुमारे १५ टक्के लिनोलेइक घेतलं होतं. एवढं जगात कुठल्याच समाजात परंपरेनं खात नाहीत. मार्गारिनमध्ये थोडं ट्रान्सही असावं, अशी शंका अनेकांनी घेतली. आणि त्यांनी घेतलं ते नुसतं लिनोलेइक, जवसात किंवा माशात असतं ते ओमेगा-३ त्यासोबत नव्हतं. त्याआधी ऑस्लोत असाच प्रयोग सोयाबीन तेलावर झाला होता, त्यात ओमेगा-३ असतं, मासेही खायला सांगितले होते, तिथं झटके कमी झाले. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेनं असे पंधरा प्रयोग एकत्र केले, ५० हजारांहून जास्त माणसं. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ संपृक्त चरबी कमी केली तर हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार १७ टक्क्यांनी घटले. एकूण मृत्यूंमध्ये मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणजे फायदा आहे, चमत्कार नाही.

मग पुन्हा भागाकार. अब्बांनी दिवसाचं २७ ग्रॅम तेल सगळंच्या सगळं करडईचं खाल्लं तरी लिनोलेइक २० ग्रॅमच्या आसपास, २,००० कॅलरीच्या जेवणात ९ टक्के. सिडनीच्या खालीच. निम्मं करडई, निम्मं शेंगदाणा केलं तर आणखी खाली. आणि दादीच्या काळी बरोबर तेच होतं, करडई थोडी, शेंगदाणा, कारळं, जवसाची चटणी, सगळं थोडं थोडं. तेव्हा कुणी मोजून करत नव्हतं, महागाईनं करायला लावलं होतं. दादीचा काळ मला उगाच गोड करून सांगायचा नाही. त्या जेवणात भाकरी होती, आणि भूकही होती. याज्ञिकांच्या अभ्यासातली ती २.७ किलोंची बाळं त्याच घरांतली.

जवसाचं नाव घेतलं म्हणून, ओमेगा-३. जवसातलं आम्ल शरीराला माशातल्या आम्लात बदलून घ्यावं लागतं आणि ते फार थोडं बदलतं, काही टक्केच. चटणी तरीही खा. भिगवणला उजनीचे मासे मिळतात, त्यात चिलापी सगळ्यांत स्वस्त, पण तिच्यात ओमेगा-३ कमी. बांगडा, तारली यांत जास्त. आठवड्यातून दोनदा बांगडा मिळाला तर गोळ्यांची बाटली आणायची गरज नाही, असं आमच्या डॉक्टरांचं मत पडलं. ती बाटली मग फुफींनी नेली.

एक इशारा करडईबद्दलच. ज्या दुहेरी बंधांमुळे ती एलडीएल उतरवते त्याच जागी हवेतला ऑक्सिजन तिला पकडतो. मंद आचेवर फोडणीला ठीक. पण रमजानमध्ये चौकाचौकात भजी-समोशांच्या कढया लागतात, तेच तेल सात-आठ दिवस उकळतं, काळं पडतं, फेस येतो. तिथं लिनोलेइकचं तेल सर्वांत आधी बिघडतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे, तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तळून तळून तयार झालेला बिघाड, २५ टक्क्यांवर गेला की ते तेल टाकून द्यायचं. मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण डोळे असतात. आमच्या गल्लीतल्या पोरांनी गेल्या रमजानमध्ये कढईवाल्याला तेल दर दोन दिवसांनी बदलायला लावलं. त्यासाठी त्यांनी काय केलं? वर्गणी काढली. त्याचंही पोट आहे.

आणि साखर. तुम्ही म्हणाल तेलाच्या भाषणात साखर कुठून आली? अब्बांचे ट्रायग्लिसराइड २६० होते ते तेलानं नाही. दिवसाला सात चहा, प्रत्येकात दोन चमचे. यकृताला गरजेपेक्षा जास्त साखर मिळाली की ते तिची चरबी बनवतं, आणि बनवतं काय माहीत आहे? पामिटिक आम्ल. फिनलंडमध्ये २०१८ मध्ये जाड माणसांना तीन आठवडे रोज जादा १,००० कॅलरी दिल्या. ज्यांना संपृक्त चरबी दिली त्यांच्या यकृतातली चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, साखर दिली त्यांची ३३ टक्क्यांनी, असंपृक्त चरबी दिली त्यांची १५ टक्क्यांनी. म्हणजे तेल बंद करून पोट साखरेच्या चहा-बिस्किटांनी भरलं तर पाम तेल पिशवीतून नाही, यकृतातून येतं. साखर कारखान्यांच्या तालुक्यांत उभं राहून हे बोलायला जरा धाडस लागतं. माझ्याच चुलत्यांचा ऊस जातो कारखान्याला.

अब्बांचा चहा आता दोनवर आलाय, अर्धा चमचा. स्टॅटिनची गोळी रोज चालू आहे, आणि एलडीएल उतरलं त्यात सर्वांत मोठा हात तिचा आहे, हे मी घरात सगळ्यांसमोर कबूल करतो, नाहीतर श्रेय करडईला जातं. एलडीएल ६१, ट्रायग्लिसराइड १५८. घरात नऊ माणसांना महिन्याला पंधरा किलोंचा डबा लागायचा, आता साडेआठ किलो लागतं.

तुम्हाला घरी जाऊन करायला एक गोष्ट सांगतो. तेलाची पिशवी उलटी करा. मागे शंभर ग्रॅमचा तक्ता असतो, संपृक्त किती, एकेरी असंपृक्त किती, बहुअसंपृक्त किती, ट्रान्स किती. आणि पिशवीवर कुठे "ब्लेंडेड" म्हणजे मिश्रण असं लिहिलंय का ते बघा. कायद्यानं मिश्रणात प्रत्येक तेल किमान २० टक्के असावं लागतं. म्हणजे समोर करडईचं फूल आणि आत करडई फक्त २० टक्के, असं कायद्यात बसतं. आणि सगळी करडईही एक नाही. ओलेइक जास्त असलेले वाण आहेत, हैदराबादच्या तेलबिया संशोधन संस्थेनंही काढले आहेत, त्यांचं तेल शेंगदाण्याच्या जवळ जातं आणि तळायलाही टिकतं. नाव तेच, माळ वेगळी. म्हणून तक्ता बघायचा, चित्र नाही.

यंदा चुलत्यांनी शाळवाच्या बांधाला चार ओळी करडईच्या टाकल्या आहेत, बिनकाट्याच्या. फुफी म्हणतात, काटे नाहीत तर गुरं आत येतील. ती खरंच येतायत, कालच एक म्हैस शिरली होती.

आता प्रश्न विचारा. पिशव्या आणल्या असतील तर त्याही पुढे घ्या.